डोंगरातली अल्ट्रा: किलोमीटर नंतर मोजा, आधी उतार आणि पोट बघा

रोडवर एक-दोन मॅरेथॉन झाल्या की पुढचा किडा डोक्यात शिरतो तो डोंगरातल्या अल्ट्राचा, आणि मग पहिला प्रश्न सगळ्यांचा ठरलेला, आठवड्याला किती किलोमीटर पळू? खरं सांगायचं तर हा प्रश्न तितका महत्त्वाचा नाहीये. चढावर दम लागला म्हणून रेस सोडणारे मी फार कमी बघितलेत, चढावर माणूस हळू होतो, दम खातो, शिव्या घालतो आणि परत चालायला लागतो. रेस सुटते ती बहुतेक वेळा उतारावर मांड्यांचा भुगा झालेला असतो म्हणून, नाहीतर पोटात काही म्हणजे काही ठरत नाही म्हणून. आणि गंमत अशी की या दोन्हीची प्रॅक्टिस करता येते, पण ट्रेनिंग प्लॅनच्या तक्त्यात त्यांना रकानाच नसतो, तिथे नुसते किलोमीटरचे आकडे. तर इथे किलोमीटर थोडे कमी आणि या दोन गोष्टी जास्त असणारेत, आधीच सांगून ठेवतो.

आधी रेस किती मोठी आहे ते कळू द्या

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या पुढे जे काही असेल ती अल्ट्रा. नेहमीची अंतरं म्हणजे ५० किलोमीटर, ८०, १०० आणि १६०, म्हणजे १०० मैल. पण डोंगरात नुसत्या अंतरावरून काही कळत नाही. अमेरिकेतल्या दोन रेस घ्या, वेस्टर्न स्टेट्स आणि हार्डरॉक, दोन्ही साधारण १०० मैलांच्या. पहिलीचा कटऑफ, म्हणजे रेस संपवायची मुदत, ३० तास, दुसरीचा ४८. हे १८ तास आले कुठून? वेस्टर्न स्टेट्सला एकूण चढ साधारण ५,५०० मीटर, हार्डरॉकला १०,००० मीटरच्या आसपास, वर वाट ४,२०० मीटरच्याही वर जाते जिथे नुसतं चालताना धाप लागते. (जाता जाता, वेस्टर्न स्टेट्सची वाट मुळात घोड्यांच्या शर्यतीची, १९७४ साली गॉर्डी एन्सली नावाचा गडी घोड्याशिवाय स्वतःच्या पायांनी ती २४ तासांच्या आत पार करून आला आणि तिथून या १०० मैलांच्या वेडाला सुरुवात झाली.) आल्प्समधली युटीएमबी म्हणजे माँ ब्लाँला फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असा वळसा, १७० किलोमीटरच्या वर अंतर, १०,००० मीटरच्या आसपास चढ, कटऑफ साडेसेहेचाळीस तास. अमेरिकेच्या कोर्टनी डॉवॉल्टरनी २०२३ च्या एकाच उन्हाळ्यात महिलांमधे या तिन्ही जिंकल्या, पण ते पाणी वेगळं आहे, तिचं बघून आपला प्लॅन बनवू नका.

अंदाज काढायला एक सोपा हिशोब चालतो, दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. म्हणजे ५० किलोमीटर आणि ३,००० मीटर चढ असेल तर ५० अधिक ३०, ती रेस अंगाला ८० सपाट किलोमीटरइतकी लागणार. ही काही नवीन अक्कल नाही, स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मधेच डोंगर चालणाऱ्यांसाठी असाच नियम दिला होता, तासाला ३ मैल धरा आणि दर २,००० फूट चढाला एक तास वाढवा, म्हणजे आपल्या भाषेत तासाला साधारण ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटरला एक तास जादा. पण दोन्ही हिशोबांत उतार कुठेच नाही, आणि पायाखाली मऊ माती आहे की घसारा, म्हणजे सुटे घसरते दगड, तेही नाही, आणि लोक फसतात ते नेमके तिथेच.

म्हणून रेसची माहिती वाचताना एकूण चढ बघाच पण त्याहून जास्त लक्ष देऊन हे शोधा की सलग सर्वात मोठा उतार किती मीटरचा आहे आणि तो रेसमधे कधी येतो. १,२०० मीटरचा सलग उतार १०व्या किलोमीटरला आला तर वेगळी गोष्ट, ४०व्या किलोमीटरला आला तर तीच तुमची खरी परीक्षा. बाकी एड स्टेशनमधलं (वाटेतले खाण्यापिण्याचे थांबे) अंतर, मधले कटऑफ, रात्र किती तासांची मिळणार, हे एका कागदावर लिहून काढा.

पहिल्यांदा करत असाल तर ५० किलोमीटरच घ्या. थेट १०० मैलांवर उडी मारणारे असतात, त्यातले काही पार पण करतात, पण मी कोणाला सांगणार नाही. आठवड्यातून चार दिवस नेमाने पळत असाल आणि हाफ मॅरेथॉन आरामात होत असेल तर ५० साठी पाच-सहा महिने पुरतात, त्याहून कमी बेस असेल तर आधी नुसता बेस करा, रेसचे पैसे नंतर भरा.

आठवडा कसा लावायचा

घड्याळात किलोमीटरऐवजी तास बघायची सवय लावा. ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या पायवाटेवर, १० किलोमीटरला कधी सव्वा तास लागतो कधी तीन, आणि शरीराला किलोमीटर कळतच नाहीत, त्याला कळतं किती वेळ पायावर होतो आणि किती जोर लागला ते. तर दोन आकडे लिहायचे, आठवड्याचे एकूण तास आणि एकूण चढ मीटरमधे. चढ जितका तितकाच साधारण उतार होतोच, पण गाडीने किंवा रोपवेने खाली येत असाल तर तो चढ अर्धाच धरा.

५० किलोमीटरच्या तयारीत मधल्या महिन्यांतला एक बरा आठवडा असा दिसेल: सोमवारी काही नाही, मंगळवारी तासभर इझी, बुधवारी चढाचे रिपीट (ते काय ते पुढे सांगतो), गुरुवारी जिम किंवा घरच्या घरी ताकदीचे व्यायाम, शुक्रवारी पाऊण तास अगदी आरामात किंवा तोही नाही, शनिवारी ट्रेलवर तीन ते चार तासांचा लाँग रन आणि रविवारी त्याच थकलेल्या पायांनी दीड-दोन तास. शनिवार-रविवारची जोडी महत्त्वाची, कारण रेसच्या शेवटच्या भागात पाय जसे जड असतात तसे ते तुम्हाला रविवारी सकाळी मिळतात, आणि ते पण एकाच दिवशी सहा-सात तास घालवून स्वतःची वाट न लावता. हा बॅक टू बॅक प्रकार दर आठवड्याला नको, महिन्यातून दोनदा पुरे. तीन आठवडे वाढवत न्या, चौथ्यात तास निम्म्यावर किंवा दोन तृतीयांशावर आणा, तो चौथा आठवडा आळशीपणा नाहीये, शरीर सुधारतं ते त्यातच.

इझी म्हणजे खरंच इझी. सोबत कोणी असेल तर पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, एकटे असाल तर स्वतःशीच बोला, लोक बघतील तर बघू दे. आठवड्यातला सुमारे ८० टक्के वेळ याच आरामाच्या पट्ट्यात गेला पाहिजे आणि इथेच सगळ्यांचा इगो आडवा येतो, विशेषतः ज्यांची प्रत्येक धाव ॲपवर जगाला दिसते त्यांचा. चढावर तर इझी ठेवायचं म्हणजे बहुतेकांना चालावंच लागतं, मग चाला.

चालण्याबद्दल दोन शब्द. डोंगरातल्या अल्ट्रामधे चालणं ही हार नाही, ते स्किल आहे. साधारण १५ अंशांपेक्षा जास्त तीव्र चढावर त्याच वेगाने वर जायला पळण्यापेक्षा चालण्यात कमी ऊर्जा लागते, म्हणून पुढचे लोकसुद्धा तिथे चालतात, फक्त ते जोरात चालतात. हात गुडघ्याच्या जरा वर मांडीवर, पाठ सरळ पण पुढे झुकलेली, पावलं छोटी, आणि थांबायचं नाही. काठ्या वापरणार असाल तर त्या ट्रेनिंगमधे वापरा, खांदे आणि दंड दुसऱ्या दिवशी असे धरतात की मोबाईल उचलवत नाही, रेसमधे पहिल्यांदा काढाल तर तेच होईल. रिपीट म्हणजे तीन-चार मिनिटं दमदार चढायचं, आरामात खाली यायचं, असं पाचवेळा पासून सुरू करून आठपर्यंत न्या.

जवळ डोंगर नसेल तर? उंच इमारतीचे जिने आणि १२ ते १५ टक्के चढ लावलेली ट्रेडमिल, एवढ्यावर चढाची तयारी बरीच होते. उताराची मात्र होत नाही, म्हणून जिना चढून लिफ्टने खाली येणाऱ्यांनो, तुम्ही अर्ध्यापेक्षा जास्त फायदा लिफ्टमधे सोडून येताय. आणि महिन्यातून एकदा तरी प्रवास करून खऱ्या डोंगरात जा.

उतार

आता मुद्द्यावर येऊ. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, म्हणजे तो ब्रेकचं काम करतो. या प्रकारच्या कामात श्वास फारसा लागत नाही, हार्ट रेट खाली असतो, म्हणून आपल्याला वाटतं मस्त चाललंय, फुकटचा वेग मिळतोय. आणि आत स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होत असते. ती दुखायला लागते दुसऱ्या दिवशी आणि सर्वात जास्त दुखते एक ते तीन दिवसांनी, पण ताकद मात्र लगेचच कमी होते, रेस चालू असतानाच. म्हणून पहिल्या मोठ्या उतारावर चेकाळून सुटलेला माणूस संध्याकाळी सपाटीवर पण पळू शकत नाही, मांड्या ऐकतच नाहीत, आणि त्याला वाटतं आपलं खाणं कमी पडलं किंवा स्टॅमिना नाही.

चांगली बातमी अशी की स्नायू हे फार पटकन शिकतो. एकदा उताराचा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे त्याच माराला तो बराच कमी दुखतो. हेच वापरायचं. सुरुवात छोट्या डोसने करा, लाँग रनमधे २००-३०० मीटरचा उतार जरा मोकळेपणाने, मग दहा-पंधरा दिवसांनी एकदा वाढवत न्या, आणि शेवटच्या दोन महिन्यांत रेसमधल्या सर्वात मोठ्या उताराच्या जवळ जाणारा एखादा दिवस करा, तोही लाँग रनच्या शेवटी, पाय दमलेले असताना. शेवटचा जोरदार उतार रेसच्या साधारण दोन आठवडे आधी. त्याच्या अलीकडे केलात तर दुखरे पाय घेऊन स्टार्टला उभे राहाल, आणि महिना-दीड महिना आधीच बंद केलात तर मिळवलेलं संरक्षण उतरायला लागेल.

टेक्निक शब्दात सांगणं कठीण आहे तरी प्रयत्न करतो. पावलं छोटी आणि भराभर, लांब ढांग टाकली की टाच पुढे आपटते आणि सगळा दणका गुडघ्यात जातो. अंग मागे टाकायचं नाही, भीती वाटली की आपण आपोआप मागे झुकतो आणि मग पाय समोरून निसटतो आणि आपण ढुंगणावर, त्यामुळे घोट्यातून किंचित पुढे. हात दोन्ही बाजूला सैल, कसेही हलू देत, फोटोत वाईट दिसतात पण तोल त्यांनीच सांभाळला जातो. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे, पाय कुठे टाकायचा ते डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं आणि पाय ते नंतर करतात. घसाऱ्यावर पूर्ण तळवा टाका आणि थोडं घसरू द्या, दर पावलाला घसरणं थांबवायला गेलात तर मांड्या लवकर जातील. ओल्या दगडावर, झाडाच्या मुळांवर, आणि जिथे एका बाजूला दरी आहे तिथे सरळ चाला, तिथे वाचलेली दोन मिनिटं कोणाला नकोयत.

ताकदीचे व्यायाम याच हिशोबाने निवडा. पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू खाली उतरवायचा, तीन सेकंद घेऊन, गुडघा आत न वळू देता, हा माझ्या मते सगळ्यात कामाचा. मग मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाचे स्क्वॉट, एका पायावरचे डेडलिफ्ट, आणि पोटऱ्यांसाठी काफ रेज, गुडघा सरळ ठेवून पण आणि वाकवून पण, कारण वाकवल्यावर आतला स्नायू काम करतो जो चढावर खूप वापरला जातो. आठवड्यातून एक-दोनदा अर्धा तास. ॲब्जचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

पोट

स्नायूंत आणि लिव्हरमधे मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, मावतं, म्हणजे २,००० कॅलरींच्या आसपास. सपाटीवर पळताना वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी जाते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला हा साठा ३०-३५ किलोमीटर पुरतो. फॅट जळतं हे खरं आणि हळू गेलात तर जास्त जळतं, पण दहा-बारा तासांच्या रेसमधे नुसत्या साठ्यावर कोणी जात नाही, खावंच लागतं, आणि भूक नसताना खावं लागतं.

किती? सुरुवात तासाला ३०-४० ग्रॅम कार्बपासून करा आणि ट्रेनिंगमधे ६० पर्यंत न्या. नुसतं ग्लुकोज घेतलं तर आतड्याला तासाला साधारण ६० ग्रॅमच्या पुढे ते ओढून घेता येत नाही, फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने शोषलं जातं म्हणून दोन्ही एकत्र असलेल्या जेल (पाकिटातून पिळून खायचा दाट पाक) आणि ड्रिंकवर लोक ९० पर्यंत जातात. पण पहिल्या ५० ला ९० चा हट्ट नको, ५०-६० ग्रॅम शेवटपर्यंत गेले तरी तुम्ही बहुतेकांच्या पुढे असाल. पाकिटामागचा आकडा वाचा, तुमच्या एका जेलमधे २० ग्रॅम आहेत की ४०, हे माहीत नसलेले लोक मला दर वेळी भेटतात.

पळताना रक्त पायांकडे आणि उन्हात कातडीकडे जातं, पोटाला उरलेलं मिळतं, त्यामुळे घरी आरामात पचणारी गोष्ट तिथे दगड होऊन बसते. पण आतडं पण ट्रेन होतं, काही आठवडे नेमाने लाँग रनमधे खाल्लं की फरक पडतो. म्हणून दीड तासापेक्षा मोठ्या प्रत्येक रनमधे रेससारखं खायचं, गरज नसली तरी. घड्याळात दर २० किंवा ३० मिनिटांचा अलार्म लावा आणि तो वाजला की तोंडात काहीतरी गेलंच पाहिजे, चर्चा नाही. चढाच्या शेवटी खाण्यापेक्षा चढ सुरू होताना खाल्लेलं बरं, कारण तिथे चालत असता आणि पोट हिंदकळत नाही, उतारावर खाणं टाळा.

पाचव्या-सहाव्या तासानंतर गोड नको होतं, नुसत्या वासाने मळमळतं, हे जवळपास सगळ्यांचं होतं. म्हणून मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खारे बिस्कीट, सूप, केळी, ब्रेड, असं खारट आणि चावायचं काहीतरी ड्रॉप बॅगमधे (आयोजक पुढच्या स्टेशनवर पोचवतात ती तुमची पिशवी) ठेवा आणि ते पण आधी पळताना खाऊन बघितलेलं असू दे.

मळमळ सुरूच झाली तर पहिली गोष्ट वेग कमी. अगदी रमतगमत चाला दहा-पंधरा मिनिटं, डोक्यावर मानेवर पाणी, सावली मिळाली तर उत्तम. मग घोट घोट पाणी, मग काहीतरी अगदी थोडं, अर्धं बिस्कीट एवढं. उलटी झाली तर झाली, त्यानंतर बऱ्याचदा बरंच वाटतं आणि रेस संपलेली नसते. पण थांबून न सावरता परत जोर लावलात तर परत तेच.

पाण्याचं तर लोक दोन्ही टोकांना जातात. अंदाज घ्यायचा असेल तर तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन करा, कमी कपड्यात, एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम, मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. तेवढंच्या तेवढं भरून काढायची गरज नाही, तहान लागेल तसं प्या, थोडं वजन कमी होऊन फिनिश करणं नॉर्मल आहे. वजन वाढलं तर मात्र धोका, म्हणजे तुम्ही शरीर बाहेर टाकतंय त्याहून जास्त पिताय आणि रक्तातलं सोडियम पातळ होतंय. बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, उलट्या, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणं दिसली की पाणी थांबवा आणि मेडिकलवाल्यांना गाठा, हे जिवावर बेतू शकतं. मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणून कितीही प्यायची सूट मिळत नाही.

आणि आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर रेसमधे घेऊ नका, आधी पण नाही. पाणी कमी, स्नायू तुटतायत, किडनीवर आधीच लोड आहे, त्यात या गोळ्या किडनीचं रक्त अजून कमी करतात.

सामान, पाय, रात्र

बुटांवर लोक तासन् तास बोलतात, मी बोलणार नाही. नेहमीपेक्षा अर्धा साइज मोठा, कारण लांब अंतरात पाय सुजतात आणि उतारावर बोटं पुढे आपटतात, चिखल-माती असेल तर खालचे दात खोल, आणि रेसच्या आधी त्याच बुटात एखादा लाँग रन झालेला. नखं दोन-तीन दिवस आधी कापा. जिथे गरम किंवा चुरचुर वाटेल तिथे त्याच क्षणी थांबून टेप लावा, पुढच्या स्टेशनला बघू म्हटलं की तोपर्यंत फोड आलेला असतो. मांड्यांत, काखेत, बॅगेचे पट्टे घासतात तिथे व्हॅसलीन.

जॅकेट मात्र सिरियसली घ्या. २०२१ च्या मे महिन्यात चीनमधल्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी रेसमधे अचानक वादळी वारा, गार पाऊस आणि गारा आल्या आणि २१ धावपटू गेले, त्यातले बरेच जण शॉर्ट्स आणि पातळ टी शर्टवर होते. दर १,००० मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा आणि अंग घामाने भिजलेलं, आणि थकलेला माणूस वेगात जाऊन उष्णता बनवू शकत नाही. म्हणून टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट, पातळ गरम लेयर, चंदेरी सर्व्हायव्हल ब्लँकेट, शिट्टी, चार्ज केलेला फोन, दोन हेडलॅम्प किंवा एक आणि जादा बॅटरी, हे यादीत सक्तीचं असो नसो जवळ हवं, आणि अंगावर, ड्रॉप बॅगमधे नाही. हुडहुडी भरायच्या आधीच जॅकेट घाला, नंतर बोटांना चेन लावता येत नाही. शिट्टीचा डोंगरातला इशारा म्हणजे एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, परत सहा.

रेसमधे अंधार येणार असेल तर दोन-तीनदा तरी रात्री पळा. हेडलॅम्पच्या उजेडात खड्डे आणि दगड सपाट दिसतात, खोली कळत नाही, वेग आपोआप पडतो आणि हा पडलेला वेग तुमच्या कटऑफच्या हिशोबात धरलेला असला पाहिजे. पूर्ण रात्र असेल तर आधीचा आठवडा रोज तास-दीड तास जास्त झोपा. कॉफी किंवा कॅफिनची गोळी सकाळपासून घेत बसू नका, मध्यरात्रीनंतर खरी गरज लागते. झाडांच्या जागी माणसं दिसायला लागली तर घाबरू नका, पण एड स्टेशनला पंधरा-वीस मिनिटं आडवे व्हा.

कधी थांबायचं, आणि शेवटचे आठवडे

पळताना दुखतं आणि गरम झालं की जातं, ते चालवून घेता येतं. हाडावर एका बोटाने दाबून एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, किंवा चाल बदलत असेल तर बंद, डॉक्टरकडे. ट्रेनिंग वाढलं आणि खाणं वाढलं नाही की सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, झोप बिघडते, मूड जातो, आणि बायकांची पाळी लांबते किंवा बंदच होते. पाळी बंद होणं हे चांगल्या फिटनेसचं लक्षण आहे असं कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका, हाडं ठिसूळ व्हायला लागतात त्याची ती पहिली सूचना असते.

टेपर, म्हणजे रेसआधी ट्रेनिंग कमी करत नेणं, दोन ते तीन आठवडे. तास निम्म्यावर आणा, पण पळणं पूर्ण बंद करू नका, थोडी तेज धाव ठेवा नाहीतर पाय लाकडासारखे होतात. या काळात नसलेली दुखणी जाणवतात, गुडघा, घोटा, घसा, सगळं एकदम. शेवटच्या आठवड्यात राहून गेलेला लाँग रन भरून काढावासा वाटेल, अजिबात नको, त्याचा फायदा रेसपर्यंत पोचत नाही, थकवा मात्र पोचतो.

रेसच्या दिवशी

पहिला एक तृतीयांश भाग इतका हळू जा की लाज वाटेल. सगळे पुढे जातील, जाऊ दे, त्यातले बरेच जण दुपारनंतर भेटतात. पहिला मोठा उतार आला की स्वतःला आवरा, मोकळं सुटायची परवानगी फक्त शेवटच्या उतारावर.

एड स्टेशनवर खुर्ची दिसते आणि वेळ कुठे जातो कळत नाही. आत शिरायच्या आधीच मनात म्हणा, बाटल्या भरायच्या, दोन गोष्टी खायच्या, कचरा टाकायचा, बाहेर. सहा स्टेशनवर प्रत्येकी दहा मिनिटं जास्त म्हणजे एक तास गेला, आणि तो तास पळून मिळवायचा म्हटलं तर बघा. खायचं हातात घेऊन चालायला लागा. सोबत क्रू, म्हणजे मदतीला आलेली तुमची माणसं, असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा की मी सोडतो म्हटलं तर दहा मिनिटं खायला घाला, मग परत विचारा.

थांबायची कारणं आधीच ठरवून ठेवा, कारण पस्तिसाव्या किलोमीटरला डोकं वकील झालेलं असतं. कंटाळा, पाय दुखणं, मागे पडणं, मळमळ, ही कारणं नाहीत. चक्कर आणि गोंधळ, थंडीने थरथर थांबत नाही, छातीत दुखणं, वजन टाकता येत नाही असा पाय, उंचीवर डोकेदुखीसोबत तोल जाणं, ही आहेत, आणि शेवटचं असेल तर बसून राहायचं नाही, कोणाला तरी सोबत घेऊन खाली उतरायचं. आणि सोडलीत तर कोणत्यातरी स्टेशनवर सांगून सोडा, नाहीतर रात्रभर लोक तुम्हाला दरीत शोधत बसतात आणि तुम्ही घरी अंघोळ करून झोपलेले.

नंतरचे दिवस

पहिल्या तासाभरात काहीतरी खा आणि कोरडे कपडे घाला, अंग फार भराभर गार पडतं. स्वतः गाडी चालवत परत जाऊ नका, झोप लागते. पाय दोन-तीन दिवस सुजलेले राहतील, झोप पण विचित्र येईल, दमलेले असून रात्री टक्क जागे, हे होतं. लघवीचा रंग चहासारखा किंवा कोलासारखा गडद झाला, किंवा बराच वेळ झालीच नाही तर त्याच दिवशी हॉस्पिटल, तुटलेल्या स्नायूंचा माल किडनीत अडकल्याची ती खूण असू शकते आणि घरी पाणी पिऊन बघू म्हणण्यातली गोष्ट नाही.

पहिला आठवडा चालणं आणि झोप, दुसऱ्यात वाटलं तर सायकल किंवा अर्धा तास हलकं पळणं, जोराचं काहीही तीन-चार आठवड्यांनी, १०० मैल केले असतील तर त्याहून उशिरा. मांड्यांचं दुखणं चार-पाच दिवसांत जातं आणि माणसाला वाटतं झालं बरं, पण आतली दुरुस्ती चालूच असते, आणि नेमकं याच दिवसांत पुढच्या रेसचं रजिस्ट्रेशन उघडतं. फॉर्म भरायचा तर भरा, बूट मात्र अजून आठवडाभर कपाटात राहू दे.